टपरीपाशी दोनशेची पावती फाटली. सिगारेटबंदी तब्येतीसाठी की नुसती दादागिरी?

अर्धी_कटिंग:

मंडळी, आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी शोध लावायला नको, मी ओढतो. दिवसाला चार, फार तर पाच. बायकोला माहीत आहे, आईला माहीत नाही, वय वर्षं 41.

तर गेल्या गुरुवारी सकाळी गाडीला वीस मिनिटं होती म्हणून स्टेशनबाहेर, बाहेर म्हणजे पार रिक्षा स्टँडच्या पलीकडे पिंपळाचा पार आहे तिथे, टपरीवरून एक सुटी घेतली आणि पेटवली. डोक्यावर आभाळ. आजूबाजूला कोण, तर एक झोपलेलं कुत्रं आणि तळहातावर तंबाखू मळत बसलेले दोन काका. तिसरा झुरका मारेपर्यंत पथक हजर. दोनशे रुपये. मी म्हटलं अहो इथे छप्पर तरी आहे का, कोणाच्या नाकात धूर गेला ते तरी दाखवा, तर साहेब म्हणे कायदा आहे, वाद घालू नका. आणि हे चालू असताना त्यातल्या एका काकांनी माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर पचकन पिंक टाकली. त्यांना कोणी चकार शब्द बोललं नाही.

मला खरंच विचारायचंय, भांडायचं नाहीये. सरकार सिगारेट विकायला परवानगी देतं, वर दाबून कर घेतं, आणि मी ती ओढली की माझ्याकडूनच दंड. मी अडाणी नाही, पाकिटावरचा तो भयाण फोटो मला माहीत आहे (रोज बघत नाही म्हणा, सुटी घेतो ना). माझं फुप्फुस, माझे पैसे, माझा वेळ. बंद खोलीतलं एक वेळ समजू शकतो, पण उघड्यावर कोणाचं काय जातं? आणि हॉटेलवाल्याला चालत असेल, गिऱ्हाईकाला चालत असेल, तर तिसऱ्याने मध्ये का पडायचं?

कलम_दवात:

आधी कायद्याचं, मग माझं मत. तालुक्याच्या कोर्टात बसतो आणि इथे फुकट सल्ला देतो, तेव्हा किंमत तेवढीच समजा.

2003 चा केंद्राचा जो तंबाखू कायदा आहे त्यात सार्वजनिक ठिकाण कशाला म्हणायचं ते सांगताना उघडी जागा वगळलेली आहे. इथवर तुमचं बरोबर. पण 2008 मध्ये नियम आले, 2 ऑक्टोबरपासून लागू, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, रामदोस आरोग्यमंत्री होते तेव्हा, आणि त्या नियमांनी सांगितलं की रेल्वे स्टेशन, बस स्टॉप, स्टेडियम, खुलं प्रेक्षागृह असल्या जागांना उघडी जागा धरायचं नाही. म्हणजे आता मुद्दा एवढाच की तुमचा पिंपळ स्टेशनच्या हद्दीत येतो की नगरपालिकेच्या रस्त्यावर. टेप घेऊन भांडायचं तर भांडा, पण दोनशे रुपयांसाठी माझी फी तुम्हाला परवडायची नाही. आणि दोनशे ही कमाल आहे बरं का, किमान नव्हे, त्यामुळे घासाघीस करायची संधी तुम्ही घालवलीत.

हक्काचं म्हणाल तर ही गोष्ट कोर्टात कधीच लागली आहे. 1999 मध्ये केरळ हायकोर्टाने, मग 2 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टाने. ती याचिका आपल्या मुंबईच्या मुरली देवरांची. कोर्टाने कलम 21 धरलं, जगण्याचा हक्क, आणि विचारलं की जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुरापायी का भोगायचं. तुम्ही घरात ओढा, शेतात ओढा, कायदा दारात येत नाही.

आता माझं मत. बरेच जण म्हणतात कायदा कशाला, माणसं समजूतदार असतात, कोणाला त्रास होत असेल तर त्याने सांगावं. ही पद्धत आपण वापरून पाहिली आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात 167 कलम आहे, डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढायचं नाही, नाहीतर शंभर रुपयांपर्यंत दंड. म्हणजे हरकत कोणी घ्यायची, तर ज्याला ठसका लागलाय त्याने. लहानपणी पॅसेंजरने आजोळी जायचो, आईला दम्याचा त्रास, आणि समोरच्या बाकावर सहा जण मांडीवर टॉवेल पसरून पत्ते कुटतायत, चौघांच्या तोंडात बिड्या. वडील आईला हळूच म्हणायचे, तू खिडकीकडे तोंड कर. वडील काही भित्रे नव्हते हो, पण कल्याणपासून भांडण कोण ओढवून घेणार. बोर्ड असला, दंड असला की माणसाला भांडावं लागत नाही, नुसतं बोर्डाकडे बोट दाखवता येतं.

ता.क. सुटी घेतलीत ना? सुटी सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, कारण हेच की सुटी घेतली की पाकिटावरचा इशारा दिसत नाही. खरी पावती टपरीवाल्याची फाटायला हवी होती.

अर्धी_कटिंग:

@कलम_दवात हे म्हणजे गेलो भीक मागायला आणि झोळी पण गेली. टपरीवाल्याला सांगू नका, त्याच्याकडे माझी उधारी आहे.

पॅसेंजरचं पटलं. पण तो डबा झाला. डब्यातून उतरता येत नाही. परमिट रूममध्ये कोणी कोणाला बांधून ठेवलेलं नसतं, धूर नको असेल तर जाऊ नका, सोपं आहे.

काळी_चार:

सहसा वाचून गप्प बसतो पण "बांधून ठेवलेलं नसतं" वाचलं आणि राहवलं नाही.

मी 1994 ते 2006 बारमध्ये कीबोर्ड वाजवायचो. ठाणे, मग मीरा रोड, मग परत ठाणे. नावं सांगत नाही, मालक लोकं वाईट नव्हती. रात्री साडेसातला सुरू, बंद व्हायला साडेबारा-एक, एसी चालू म्हणून खिडक्या बंद, स्टेज म्हणजे कोपऱ्यात केलेला एक चौथरा आणि छत इतकं खाली की तबलावाला सोडून सगळ्यांनी एकदा तरी डोकं आपटलेलं. धूर वर जातो आणि वर आम्ही. शनिवारी दहानंतर शेवटच्या टेबलावरचा माणूस दिसायचा नाही, फर्माईशीची चिठ्ठी वेटर आणून द्यायचा तेव्हा कळायचं तिकडे कोणीतरी बसलंय.

कीबोर्डच्या पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडायच्या. बोटांनी नव्हे, धुराने. कारण काळ्याच्या मागची जी चिंचोळी जागा असते ना, जिथे बोट सहसा पोचत नाही, तिथे सगळ्यात जास्त पिवळं असायचं. दर सोमवारी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसायचो, कापूस चहासारखा व्हायचा. घरी आल्यावर शर्ट बाहेर गॅलरीत दांडीवर, आत आणायचा नाही असा बायकोचा नियम, मुलगी झाल्यावर तर आंघोळ केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

2005 ला छाती भरली, कफ सुटेना. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं दिवसाला किती ओढता. मी म्हटलं एकपण नाही. ते हसले, म्हणाले सगळे असंच सांगतात. परत एकदा सांगितलं तेव्हा मान वर करून विचारलं, मग काम काय करता.

तर भाऊ, तुमचं गिऱ्हाईक दोन तास बसतं, त्याला नको असेल तर उठून जातं. मी कुठे जाणार होतो? आमच्यातला एक वेटर उडुपीकडून आलेला, झोपायला पण तिथेच असायचा, सोफे जोडून. त्याला म्हणाल का धूर नको तर नको येऊस? मालकाला चालतं, गिऱ्हाईकाला चालतं, बरोबर आहे, आम्हाला कोणी विचारलं नाही एवढंच. 2008 च्या नियमात बार, पब, कँटीन, ऑफिस सगळं आलं, पण मी तोवर सोडून क्लासेस चालू केले होते.

थर्मामीटर:

@काळी_चार यांनी जे लिहिलंय त्याच मुद्द्यावर आयर्लंडचा कायदा झाला होता, 29 मार्च 2004. देशभरातल्या कामाच्या सगळ्या बंद जागांवर बंदी आणणारा पहिला देश. त्यांनी गिऱ्हाईकाचा विचार नंतर केला, आधी बारमागे उभ्या असलेल्या माणसाचा केला.

पुरावा मागणाऱ्यांसाठी: स्कॉटलंडमध्ये 26 मार्च 2006 ला बंदी आली. नऊ हॉस्पिटलांमध्ये आधीचे दहा महिने आणि नंतरचे दहा महिने हार्टचे तातडीने भरती झालेले पेशंट मोजले, 17 टक्के कमी झाले. इंग्लंडमध्ये तेव्हा बंदी नव्हती, तिथे घट 4 टक्के. आणि जी घट झाली त्यातले 67 टक्के न ओढणारे होते, हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. याआधी अमेरिकेतल्या हेलेना नावाच्या छोट्या गावाचा 40 टक्क्यांचा आकडा फार फिरवला गेला, पण गाव एवढंसं, पेशंट मूठभर, त्यामुळे तो मी कधी वापरत नाही. कोणी व्हॉट्सॅपवर टाकला तर मीठ टाकून घ्या.

उघड्यावरचं मात्र धागाकर्त्याचं निम्मं खरं आहे. धूर हवेत पटकन विरतो, पिंपळाखाली कुत्र्याला काही झालं असेल असं वाटत नाही. पण तिकिटाच्या रांगेत पुढचा माणूस ओढत असेल तर ते उघडं असून उघडं नसतं.

निशी_कासाई:

तोक्योहून लिहितोय, अकरा वर्षं झाली इथे. इकडे गंमत बघा, सगळं आपल्या उलटं झालं.

इथे चियोदा म्हणून मध्यवर्ती वॉर्ड आहे, त्यांनी 2002 मध्ये रस्त्यावर चालताना ओढायला बंदी केली, दंड 2000 येन, जागेवर पैसे. उघड्यावर बंदी! आणि त्याच रस्त्यावरच्या हॉटेलात शिरा, लहान पोरं जेवतायत आणि शेजारच्या टेबलावर काका आरामात धूर सोडतोय, त्याला कोणी काही म्हणायचं नाही. मी नवीन होतो तेव्हा मला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने समजावलं, रस्त्यावर गर्दी असते, हात खाली सोडलेला असतो, आणि हातातली पेटती सिगारेट बरोबर लहान पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. म्हणजे त्यांचा प्रश्न चटका, थोटकं आणि घाण, फुप्फुसाचा विचार नंतर. आतली बंदी पूर्ण लागू झाली एप्रिल 2020 ला, तीही जुन्या छोट्या खानावळींना सवलत देऊन. तोक्यो शहराने मात्र आपला वेगळा नियम केला की जिथे एक जरी नोकर कामाला असेल तिथे ही सवलत नाही. म्हणजे परत फिरून @काळी_चार दादांपाशीच आलं बघा.

पण एक सांगतो, इथे बंदी करताना ओढायला जागा पण देतात. स्टेशनबाहेर काचेची खोली नाहीतर कुंड्यांनी आखलेला चौकोन. आत माणसं सार्डीनच्या डब्यासारखी उभी. आत कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे मोबाइलमध्ये. मी ओढत नाही पण बघून कसंतरीच होतं, पिंपळाखाली मजा असेल त्यापेक्षा.

एमएच_तेरा:

काचेच्या खोलीचा विषय निघाला म्हणून. आपल्याकडंपण आहे की खोली! फक्त कोणाला ते बघा. नियम काय सांगतो, तीस खोल्यांचं हॉटेल, तीस माणसं बसतील असं रेस्टॉरंट, नाहीतर विमानतळ. तिथं वेगळी खोली करा, चारी बाजूंनी भिंत, आपोआप बंद होणारं दार, हवा बाहेर फेकणारा पंखा, मग ओढा साहेब. आणि आमच्या एसटी स्टँडवरचा हमाल? त्याची बिडी म्हणजे गुन्हा. विमानात बसणाऱ्याला खोली आणि लालपरीत बसणाऱ्याला पावती. बंदी चूक आहे असं म्हणत नाही मी, पण पथक कुठं उभं राहायलंय ते बघा की, हुच्च पबच्या दारात कधी बघितलं का?

दुसरं. आमच्या आईनं तीस वर्षं बिड्या वळल्या. सोलापुरात आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दारात सूप मांडीवर घेऊन बाई बसलेली, पान पाण्यात भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूट तंबाखू, वळी, दोरा. हजार बिड्या झाल्या की मजुरी, आणि त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढल्या की तेवढे पैसे गेले. आईनं आयुष्यात एक झुरका मारला नाही. पण घरात तंबाखूची भुकटी इतकी की नवीन माणूस आला की आधी शिंकायचा. आम्ही भावंडं त्यातच झोपलो, त्यातच अभ्यास केला. आता कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत घर आहे, ते पण बिडीच्याच जिवावर, दहा हजार घरं झाली तिथं बिडीकामगार बायांची.

तर मला सांगा बे, धुराला 2008 ला कायदा आला, या भुकटीला कोणता कायदा? आणि उद्या सगळ्यांनी ओढायची सोडली तर या बायांना कोण काम देणार, यावर एक पण शहाणा बोलत नाही. मी स्वतः ओढत नाही. पण "बिड्या फुंकणारे" म्हणून कोणी नाक मुरडलं की मला राग येतो, त्या बिडीवर माझी बीकॉमची फी भरली आहे.

मिरजेची_माई:

सगळं वाचलं, चांगलं लिहिताय पोरांनो. पण सगळी चर्चा स्टेशन, बार, विमानतळ. घराचं काय?

लग्न होऊन आले तेव्हा आम्ही सात जण दोन खोल्यांत. सासरे पलंगावर बसून बिडी ओढायचे, पहाटे पाचला पहिली. माझा मोठा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, रात्रभर खोकायचा, आम्ही त्याला हळद-दूध, ओव्याची पुरचुंडी, दृष्ट काढणं, सगळं केलं. बिडी विझवा म्हणायची माझी काय टाप! सासूबाईंनाही सांगायची सोय नाही कारण त्या चुलीपाशी बसून मिश्री लावत असायच्या. आमच्याकडे हेच जास्त. 2016-17 ची जी देशाची तंबाखूची पाहणी आहे त्यात महाराष्ट्रात धूर ओढणारे 3.8 टक्के आणि तंबाखू, मिश्री, गुटखा तोंडात धरणारे 24.4 टक्के. गुटख्याला बंदी 2012 पासून आहे म्हणतात, आमच्या कोपऱ्यावर विचारा मिळतो का ते.

त्याच पाहणीत आहे, घरात दुसऱ्याचा धूर नाकात जाणारे देशात 38.7 टक्के, आणि आत बसून काम करणाऱ्यांत कामाच्या जागी 30.2. म्हणजे सगळ्यात जास्त धूर कुठे, तर जिथे कायदा दारातून आत येत नाही असं ते वकीलसाहेब म्हणाले तिथेच. कोणी म्हणेल बाहेर बंदी केली म्हणून माणसं घरात ओढायला लागली. तसं दिसत नाही, 2009-10 मध्ये घरातला हा आकडा 52.3 होता, तो उतरलाय. माझा अंदाज असा की बाहेर लाज वाटायला लागली की हळूहळू घरात पण वाटते. सासरे शेवटची दोन वर्षं अंगणात जाऊन ओढायचे. कोणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातला बोर्ड वाचून आले होते एकदा, म्हणाले तिथे पोरंटोरं असतात म्हणून नको म्हणतात, मग आपल्याकडे पण आहेतच की.

आणि अर्धी कटिंग, 41 वर्षांचा मुलगा ओढतो हे आईला माहीत नसतं असं तुला कोणी सांगितलं?

अर्धी_कटिंग:

@माई, शेवटची ओळ वाचून ऑफिसात एकटाच हसलो आणि मग जरा घाबरलो.

बरं, माझं पुढे काय झालं ते. बारचं मी मागे घेतो, काळी_चार दादांनी जे लिहिलंय त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी त्या बाजूने कधी विचारच केला नव्हता, आपण टेबलाकडून बघतो ना. पिंपळाचं मागे घेत नाही. काल मुद्दाम जाऊन पाहिलं, रेल्वेच्या हद्दीचा दगड पाराच्या अलीकडे आहे, अलीकडे म्हणजे स्टेशनच्या बाजूला, चांगली सहा-सात पावलं. म्हणजे पार नगरपालिकेचा. वकीलसाहेब, केस होते का?

कलम_दवात:

@अर्धी_कटिंग होते की. पावती, दगडाचा फोटो आणि साक्षीदार घेऊन या. साक्षीदार दोन काका चालतील, कुत्रं चालणार नाही. पहिल्या तारखेला मी उभा राहीन, दुसऱ्या तारखेपासून तुमचा महिन्याचा सिगारेटचा खर्च मला द्यायचा.

अर्धी_कटिंग:

राहू द्या, दोनशे स्वस्त पडले.

@काळी_चार दादा, अजून वाजवता का? छाती बरी आहे ना आता?

काळी_चार:

छाती ठीक आहे, जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबतो. वाजवतो, पण आता पेटी, दर गुरुवारी सोसायटीच्या भजनाला. समोर देवापुढे बारा-पंधरा उदबत्त्या आणि पंखा बंद, कारण निरांजन विझतं. त्यावर कृपा करून कोणी धागा काढू नका.